‘आमाउता’ : मुखपत्र आधी आणि मुख दोन वर्षांनी?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पेरूची राजधानी लिमा येथून सप्टेंबर १९२६ मध्ये निघालेल्या ‘आमाउता’ या मासिकाच्या शताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत लेख आला, हे बरे झाले. एरवी लॅटिन अमेरिका म्हटली की आपली गाडी कादंबऱ्या, चे गेव्हारा आणि फुटबॉल या तीन स्टेशनांपुढे सरकत नाही. मात्र लेखात तीन ठळक चुका आहेत. ‘आमाउता’ला पेरूच्या कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र म्हटले आहे, संपादक होसे कार्लोस मारिआतेगी वारले आणि मासिक संपले असे म्हटले आहे, आणि पेरूच्या खेड्यांवर सत्ता गाजवणाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गामोनाल’ या शब्दाला ‘जमीनदार’ हा प्रतिशब्द दिला आहे. मुंबईत या निमित्ताने अनुवादाची आणि छोट्या प्रदर्शनांची भाषा काही मंडळी करत आहेत, म्हणून हे पत्र जरा लांबवत आहोत.

पहिली चूक तारखा समोर ठेवल्या की आपोआप निकालात निघते. मारिआतेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूचा समाजवादी पक्ष स्थापन केला तो ७ ऑक्टोबर १९२८ रोजी. तोपर्यंत ‘आमाउता’चे सतरा अंक बाहेर पडले होते. पक्षाने ‘कम्युनिस्ट’ हे नाव घेतले मे १९३० मध्ये, म्हणजे १६ एप्रिल १९३० रोजी मारिआतेगी गेल्यानंतर महिनाभराने. मुखपत्र आधी आणि मुख दोन वर्षांनी, असा हा प्रकार होईल. शिवाय जून १९२९ मध्ये ब्वेनोस आइरेसला लॅटिन अमेरिकी कम्युनिस्ट पक्षांची परिषद भरली, तेव्हा मारिआतेगींनी पाठवलेल्या मांडणीवर आणि ‘समाजवादी’ या पक्षनावावर मॉस्कोकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या प्रतिनिधींकडून, टीकाच झाली. प्रकृतीमुळे ते स्वतः तिथे जाऊ शकले नव्हते; त्यांची बाजू डॉक्टर ऊगो पेसे आणि कामगार नेते हूलिओ पोर्तोकार्रेरो यांनी मांडली. मॉस्कोला ज्याचे विचार पुरते पटत नव्हते, त्याच्या मासिकाला पक्षाचा भोंगा म्हणणे अन्यायाचे आहे.

अंक उघडला तरी हेच दिसते. पहिल्याच अंकात सिग्मंड फ्रॉइड यांचा मनोविश्लेषणाला होणाऱ्या विरोधावरचा लेख आहे. पुढे सेसार वायेहो यांची कविता येते, फेब्रुवारी–मार्च १९२९ चा एकविसावा अंक होसे मारिआ एगूरेन या अत्यंत तरल, राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या कवीच्या गौरवाला वाहिलेला आहे, आणि मार्तिन आदान हा विशीतला तरुण सॉनेटची, म्हणजे चौदा ओळींच्या सुनीताची, मोडतोड करतो ती याच पानांवर. त्याच वेळी संपादकांनी पहिल्या अंकातच बजावले होते की हे मासिक म्हणजे सगळ्या वाऱ्यांना खुले असलेले व्यासपीठ नव्हे. आपण एका गटाचे नसून एका चळवळीचे आहोत, असे त्यांचे म्हणणे. मतांना कुंपण आणि अभिरुचीला मोकळे रान, ही सांगड मराठी नियतकालिकांच्या इतिहासात फार थोड्यांना जमली. एक तर सगळ्यांनाच ‘या बसा’ किंवा मग कवितेलाही पक्षाचे सभासदपत्र लागते.

दुसरी चूक लहान आहे, पण संदर्भ देणाऱ्याला अडचणीत आणणारी आहे. एकूण अंक ३२. मारिआतेगींनी संपादित केलेले २९, त्यातला शेवटचा फेब्रुवारी–मार्च १९३० चा. तिसावा अंक त्यांच्या स्मृतीला वाहिलेला. तो आणि पुढचे दोन रिकार्दो मार्तिनेस दे ला तोर्रे यांनी काढले. बत्तिसावा अंक ऑगस्ट–सप्टेंबर १९३० चा. त्याच ऑगस्टमध्ये हुकूमशहा आउगुस्तो लेगिआ यांची अकरा वर्षांची राजवट लष्करी उठावाने कोसळली. ज्या सरकारने मासिकाला छळले ते पडले आणि मासिकही त्याच सुमारास थांबले.

आता मूळ मुद्दा. आपल्या लेखात मासिकाच्या ‘ज्वलंत विचारां’वर बराच मजकूर आहे. विचार ज्वलंत होतेच. पण ज्वलंत विचारांची नियतकालिके दोन-तीन अंकांत विझतात, हे मुंबईला सांगायला नको. १९५४ मध्ये याच शहरात निघालेल्या ‘शब्द’पासून पुढच्या कितीतरी लघुनियतकालिकांची आयुष्ये बोटांवर मोजण्याएवढ्या अंकांची होती. ‘आमाउता’ चार वर्षे चालले ते चालवण्याची घडी नीट बसवल्यामुळे, आणि ती घडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

मासिकाच्या आधी छापखाना होता. १९२५ मध्ये मारिआतेगी आणि त्यांचे भाऊ हूलिओ सेसार यांनी ‘मिनेर्वा’ हा छापखाना आणि प्रकाशन एकत्रच सुरू केले. पहिले पुस्तक मारिआतेगींचेच, समकालीन जगावरच्या लेखांचे. मग फेब्रुवारी १९२६ पासून ‘लिब्रोस इ रेविस्तास’, म्हणजे ‘पुस्तके आणि नियतकालिके’, असे ग्रंथवार्तेचे पत्रक. मासिक त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. हा क्रम उलटा केला की काय होते? दुसऱ्याच्या छापखान्यात मासिकाचा फॉर्म, म्हणजे छपाईसाठी जुळवून बांधलेली पाने, नेहमी रांगेत शेवटी लागतो, कारण लग्नपत्रिका आणि बिलबुके रोख पैसे देतात. जुळलेले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, उधारीवर अडकून राहिलेले छापखानेवाल्याला परवडत नाही. तो आधी फॉर्म सोडवून खिळे परत खणांच्या पेटीत टाकतो आणि संपादकाला सांगतो, प्रुफे पुढच्या आठवड्यात. आणि पोलीस आले की बाहेरचा मुद्रक पहिल्यांदा हात झटकतो. स्वतःच्या छापखान्याला हे भय नाही, फक्त टाळे लागले तर सगळ्यालाच एकदम लागते. तेही घडले, त्याकडे पुढे येतो.

मासिकाचे नाव चित्रकार होसे साबोगाल यांनी सुचवले. आधी विचार होता ‘वानग्वार्दिआ’, म्हणजे आघाडीवरचे, पुढचे पाऊल टाकणारे. ‘आमाउता’ हा केचुआ भाषेतला शब्द. इंका राज्यातला ज्ञानी, शिकवणारा माणूस. युरोपीय वळणाच्या, त्या काळात प्रत्येक देशात दोन-चार मासिकांनी लावलेल्या नावाऐवजी डोंगरातल्या भाषेतला शब्द उचलणे, हाच पहिला संपादकीय निर्णय होता म्हणा ना. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर साबोगाल यांनी काढलेले इंडिओ, म्हणजे पेरूतल्या मूळच्या रहिवासी, माणसाचे मस्तक आहे. त्यांची आणि हूलिआ कोदेसिदो वगैरे सहकाऱ्यांची कामे मासिकभर दिसतात, त्यांत लाकडी ठशांना विशेष स्थान आहे. याला शोभेपलीकडचे एक कारण आहे, ते जुन्या गिरगावातल्या कोणत्याही कंपोझिटरने सांगितले असते. फोटो छापायचा तर हाफटोन ब्लॉक करावा लागतो, त्याला गुळगुळीत कागद हवा, नाहीतर ठिपके भरून काळा डाग पडतो. लाकडात कोरलेला ठसा मात्र खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे सुमारे साडेतेवीस मिलिमीटर, केला की मजकुराच्या फॉर्ममध्येच बसतो, त्याच शाईत आणि त्याच दाबात, हलक्या कागदावरही स्वच्छ उठतो. ठसा अर्धा मिलिमीटर बुटका राहिला तर शाई धरत नाही, खाली कागदाच्या पट्ट्या द्याव्या लागतात. उंच झाला तर कागद फाडतो. गरीब मासिकाला चित्रे हवी असतील तर लाकडी ठसा हाच परवडणारा रस्ता, आणि त्याच ठळक काळ्या-पांढऱ्यातून मासिकाचा चेहरा घडतो.

वितरणाची रीतही साधी होती. प्रांतोप्रांती प्रतिनिधी: आरेकिपा, कुस्को, पुनो. मारिआतेगींच्या पत्रव्यवहारात साहित्याइतकाच हिशेबाचा विषय येतो, कारण प्रतिनिधीकडे अंक जातात पण पैसे येत नाहीत हे दुखणे लिमालाही होतेच. त्यावर उतारा म्हणून भाग (शेअर) विकून ‘आमाउता’ची प्रकाशनसंस्था उभी केली, आणि ‘आमाउताचे मित्र’ म्हणून जादा वर्गणी देणाऱ्यांचा वेगळा वर्ग ठेवला. शिवाय विनिमय. आपले मासिक पाठवायचे, त्यांचे घ्यायचे. हवानाचे ‘रेविस्ता दे आवान्से’, कोस्टा रिकातून निघणारे ‘रेपेर्तोरिओ आमेरिकानो’, आणि सर्वांत विलक्षण म्हणजे पुनोचे ‘बोलेतिन तितिकाका’. समुद्रसपाटीपासून जवळपास ३,८०० मीटर उंचीवरच्या गावातून गामालिएल चुराता आणि त्यांच्या भावाने ते चालवले. टपालाच्या एका तिकिटात दुसऱ्या देशातला वाचकवर्ग मिळवण्याची ही युक्ती.

हे सगळे मारिआतेगींच्या चाकांच्या खुर्चीतून चालत होते. लहानपणापासून एक पाय अधू, आणि १९२४ मध्ये दुसरा पाय कापावा लागला. वॉशिंग्टन रस्त्यावरच्या त्यांच्या घरात संध्याकाळी लोक जमत, त्या खोलीला ‘लाल कोपरा’ म्हणत. ते घर आज संग्रहालय आहे. लेखकांना दारोदार जाऊन भेटता येत नाही म्हटल्यावर लेखकांनीच रोज यावे अशी व्यवस्था झाली, आणि लिमात आलेला पाहुणा आपसूक तिकडे वळू लागला.

जून १९२७. सरकारने ‘कम्युनिस्ट कट’ उघडकीस आल्याचे जाहीर केले. कामगार आणि लेखक पकडले गेले. इतिहासकार होर्खे बासाद्रे यांना सान लोरेन्सो बेटावर ठेवले, कवयित्री माग्दा पोर्ताल यांना क्यूबाला हाकलले. मारिआतेगींना लष्करी रुग्णालयात स्थानबद्ध केले, छापखाना बंद, मासिक बंद. रुग्णालयातून त्यांनी लिमाच्या एका दैनिकाला पत्र लिहिले: माझ्या विचारांची पूर्ण जबाबदारी माझी, ती मी नाकारत नाही, पण कटाचा आरोप मला अमान्य आहे. वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदराला इतके जड काम क्वचितच पडले असेल. मे १९२७ चा नववा अंक आणि डिसेंबर १९२७ चा दहावा यांत सहा महिन्यांची खिंड आहे. त्या काळात मासिक ब्वेनोस आइरेसला हलवण्याचा विचार झाला होता.

याच वर्षी ३ एप्रिलला मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला, हे इथे नमूद करावेसे वाटते. संबंध जोडायचा नाही, समकाल दाखवायचा आहे. शताब्दीच्या उत्साहात ‘पेरूचे आंबेडकर’ वगैरे मथळे देऊ नयेत ही विनंती. मारिआतेगी जन्माने पेरूतल्या पीडित इंडिओ समूहातले नव्हते, आणि जमिनीच्या प्रश्नाखाली सगळे प्रश्न घेण्याची त्यांची पद्धत बाबासाहेबांना मान्य झाली नसती, असे आम्हाला वाटते. भारताशी त्यांचा संबंध होता तो वाचनातून. १९२५ च्या त्या पहिल्या पुस्तकात गांधीजींवर आणि रवींद्रनाथांवर स्वतंत्र लेख आहेत. गांधीजींबद्दल आदर आहे, पण शेवट रोखठोक: क्रांतिकारकांना हिंसा सोसायची की वापरायची, यातले एक निवडावेच लागते.

सप्टेंबर १९२८ चा सतरावा अंक ज्याला वाचायचा नाही त्याने ‘आमाउता’बद्दल बोलू नये. मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप चालू होता त्याच दिवसांत तो निघाला. तोपर्यंत विक्तोर राउल आया दे ला तोर्रे आणि त्यांची ‘आप्रा’ ही साम्राज्यवादविरोधी संघटना मासिकाच्या वर्तुळातच होती. आया यांनी संघटनेचे रूपांतर निवडणुकीच्या पक्षात करण्याचा घाट घातला, तेव्हा मारिआतेगी बाजूला झाले. सतराव्या अंकाच्या संपादकीयात त्यांनी सांगितले की आता ‘नवी पिढी’, ‘डावे’, ‘आघाडी’ असल्या सैल शब्दांनी भागणार नाही. हे मासिक समाजवादी आहे. आणि लगेच पुढे, अमेरिका खंडातला समाजवाद ही नक्कल असता कामा नये, ती इथल्या वास्तवातून, इथल्या भाषेतून झालेली निर्मिती असली पाहिजे. याच अंकापासून आकारही बदलला: आधीचे सोळा अंक मोठ्या आकाराचे, सतराव्यापासून लहान, पुस्तकी आकार. त्यापाठोपाठ नोव्हेंबर १९२८ मध्ये कामगारांसाठी ‘लाबोर’ हे वेगळे वृत्तपत्र काढले. कवितेच्या वाचकाला संपाच्या बातम्यांचा कंटाळा आणि कामगाराला अतिवास्तववादाचा, म्हणून एकाच अंकात दोघांना कोंबायचे नाही, हा त्यातला हिशेब. ‘लाबोर’चे दहा अंक निघाले; सप्टेंबर १९२९ मध्ये सरकारने ते बंद केले.

आता ‘गामोनाल’. जमीनदार म्हटले की मराठी वाचकाला जमिनीचा मालक दिसतो आणि संपले. मारिआतेगींनी स्वतः स्पष्ट केले आहे की गामोनालशाही म्हणजे केवळ बडे जमीनमालक नव्हेत. त्यांच्या सोबतचे अधिकारी, मध्यस्थ, हस्तक, बांडगुळे अशी संपूर्ण उतरंड त्यात येते, आणि शिकलेला इंडिओसुद्धा त्या उतरंडीत शिरला की आपल्याच माणसांना पिळू लागतो. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द कोकणातला ‘खोत’. तोही पुरता बसत नाही, कारण खोताचा पाया सारावसुलीत होता आणि गामोनालचा बळकावलेल्या जमिनीत. पण गावावरची सत्ता, फुकटची सेवा आणि कचेरीतले वजन हे तिन्ही अर्थ ‘खोत’ ऐकताच कळतात. अनुवादात ‘गामोनाल’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खर्चावे. इतर शब्दांना मात्र मराठीत तयार जोड्या आहेत. मालकाच्या घरी पाळीने फुकट राबणे, ‘पोंगेआहे’, ही सरळ वेठबिगार. ‘एन्गांचे’ म्हणजे मुकादमाने आगाऊ पैसे देऊन मजूर खाणीवर किंवा किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यात बांधून नेणे. याला ‘उचल’ यापेक्षा चांगला शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत नसेल. ऊस तोच, मुकादम तोच, कर्ज न फिटणेही तेच. ‘आय्यु’ ही नात्यातल्या कुटुंबांची सामाईक जमीन कसणारी वस्ती. तिला ‘ग्रामपंचायत’ म्हणू नये.

सर्वांत अवघड शब्द ‘इंडिओ’. ‘भारतीय’ लिहिणे हास्यास्पद, ‘रेड इंडियन’ अपमानकारक. ‘आदिवासी’ लिहिले तर मराठी वाचकाला जंगलात राहणारा अल्पसंख्य समूह दिसतो, आणि पेरूत तर हे लोक बहुसंख्य होते, शेती करणारे. मारिआतेगी त्यांना लोकसंख्येच्या चार पंचमांश धरतात. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात स्वतःचे वेगळे राजकारण चिकटले आहे. म्हणून ‘इंडिओ’ तसाच, नाहीतर जिथे जमेल तिथे ‘केचुआ शेतकरी’. जानेवारी १९२७ च्या पाचव्या अंकापासून या शेतकऱ्यांच्या बाजूने जी स्वतंत्र पत्रिका मासिकात जोडली गेली, तिच्यात गावोगावच्या वस्त्यांच्या तक्रारी छापल्या आहेत. अनुवादाची सुरुवात तिथून करावी. संपादकीयांचे इंग्रजीतून मराठीत उतरवलेले तुकडे पुष्कळ झाले. या तक्रारींकडे अजून कुणी पाहिलेले नाही.

अनुवाद किंवा प्रदर्शन करू पाहणाऱ्यांसाठी काही रोखठोक सूचना. अंकाचा संदर्भ देताना महिन्यावर विसंबू नका, क्रमांक द्या: १९२८ च्या मे आणि जूनचा मिळून एकच पंधरावा अंक आहे, आणि त्या ऑगस्टला अंकच नाही. १९७६ मध्ये लिमात निघालेली ३२ अंकांची हुबेहूब पुनर्मुद्रित आवृत्ती हा सर्वांत भरवशाचा आधार.

हक्कांचे गणित वेगळे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे मोजतात, तीही पुढच्या १ जानेवारीपासून. मारिआतेगी १९३० मध्ये गेले, वायेहो १९३८ मध्ये, दोघेही मोकळे. साबोगाल १९५६ मध्ये गेले, त्यांची चित्रेही इथे मोकळी आहेत. पण कोदेसिदो १९७९ मध्ये, मार्तिन आदान १९८५ मध्ये आणि माग्दा पोर्ताल १९८९ मध्ये वारल्या-वारले. त्यांच्या कामाला वारसांची परवानगी हवी. म्हणजे मासिक शंभर वर्षांचे झाले म्हणून अख्खा अंक उचलून छापता येत नाही, लेखागणिक नाव तपासावे लागते. आणि इंग्रजी अनुवादावरून मराठी करायचे असेल तर त्या इंग्रजी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. मूळ मोकळे आहे म्हणून अनुवाद मोकळा होत नाही. मराठीत ही चूक सर्रास होते.

प्रदर्शनासाठी मुखपृष्ठ ए-थ्री आकारात छापायचे तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने प्रतिमा किमान ३,५०८ गुणिले ४,९६१ पिक्सेलची हवी. मोबाइलवर उतरवून घेतलेली प्रतिमा ताणली की ठशाच्या कोरीव रेघा मऊ पडतात आणि लाकूडकाम धुरकट जलरंगासारखे दिसते. स्कॅन निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करू नये, करड्या छटांत करावा. नाहीतर बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. सप्टेंबरात मुंबईची हवा दमट असते. काचेला टेकवून लावलेला कागद आठवड्यात लाटा धरतो आणि काचेला चिकटतो, म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी, आणि कागद चारही बाजूंनी न डकवता फक्त वरच्या कडेला टांगावा.

शेवटी उच्चार. लेखात ‘मारियाटेगुई’, ‘हाया’ आणि ‘व्हॅलेजो’ असे छापले आहे. स्पॅनिशमध्ये ‘गी’मधला ‘उ’ मुका असतो, ‘ह’चे अक्षर मुके असते आणि जोडलेल्या दोन ‘ल’चा उच्चार ‘य’कडे झुकतो: मारिआतेगी, आया, वायेहो. पुढच्या भागात एवढे तरी दुरुस्त व्हावे.

आपले,
लॅटिन अमेरिकी नियतकालिकांचे काही अभ्यासक
दादर, मुंबई